नावं ठेवणारा कारभारी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि तिथल्या डोंगरांनीही आपली जुनी नावं टाकून नवी घेतली आहेत. लहान मुलांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे, पण तसं सांगितलं की तुम्ही उठून जाता, म्हणून मुलांची म्हणून सांगतो.

त्या राज्याच्या राजाला जनावरांचा फार लळा. हत्तीघोड्यांचा लळा कुठल्याही राजाला असतो. याला म्हाताऱ्या गाढवांचाही होता. एका वर्षी शेजारच्या मुलखात पाऊस पडला नाही. माणसं घरं सोडून निघाली. जी जनावरं चालू शकत होती ती त्यांनी बरोबर नेली, उरलेल्यांची दावी सोडली आणि त्यांना तशीच मागे ठेवलं. आपला राजा चार माणसं घेऊन त्या ओस गावांतून महिनाभर हिंडला आणि मागे राहिलेली जनावरं गोळा करून घेऊन आला. एक मेंढी तर त्याने खांद्यावर घालून आणली. वाटेत तिने त्याच्या अंगरख्याचं काय केलं ते मी सांगत नाही.

अशी चाळीस जनावरं झाली. डोंगराच्या पाठीवर एक मोठं कुरण होतं. भोवती दगडी गडगा, मधोमध बारमाही झरा. तिथे राजाने त्यांना ठेवलं आणि राखणीला एक कारभारी नेमला.

हा कारभारी कसा होता ते नीट ऐका, कारण पुढे त्याच्या हातून मोठी चूक होणार आहे आणि तेव्हा तुम्ही त्याला वाईट माणूस म्हणाल. तो वाईट नव्हता. राजाच्या वैरणीतली काडीसुद्धा त्याने कधी घरी नेली नाही. उजाडायच्या आत उठायचा, झोपताना फाटकाची कडी दोनदा बघायचा. पण त्याला एक खोड होती. कुठलीही वस्तू समोर आली की तिच्यातलं उणं त्याला आधी दिसायचं. लग्नाच्या पंगतीत बसला की पहिल्याच घासाला त्यालाच खडा सापडायचा. नवं घर बांधलेले लोक तो रस्त्याने जाताना दिसला की दार लोटून घ्यायचे.

त्याची बायको त्याला म्हणायची, "कारभारी, तुमच्या जिभेला भाजी कळतच न्हाई. निस्तं मीठ कळतं."

तिकडच्या बायका नवऱ्याला कारभारीच म्हणत. राजाने त्याला खरोखरच कारभारी नेमलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "ह्यात काय नवल? म्या तर तुमास्नी सात वर्सं आधीच नेमलं हुतं."

ही खोड त्याला कुठून लागली, तेही सांगतो. आईबाप लहानपणीच गेले. चुलत्याने वाढवलं, पण वाढवताना रोज ऐकवलं. पाणी आणताना घागर फुटली की निकाम्या, घागर नाही फुटली तरी निकाम्या. त्या पोराने मग एक युक्ती शिकून घेतली. दुसऱ्याची चूक आपण आधी काढली, की आपली काढायला कुणाला सवड राहत नाही. पोर मोठं झालं, चुलता मरून गेला, युक्ती मात्र राहिली. राजाने त्याला एका गडग्याचे दगड रचताना पाहिलं होतं आणि जवळ बोलावून काम दिलं होतं. 'निकाम्या' न म्हणता, काम बघून त्याला जवळ बोलावणारा राजा हा पहिलाच माणूस. त्यामुळे त्या राजासाठी कारभारी जीव द्यायला तयार होता. आपल्याला आता दुसरं काही नको, फक्त या राजाने दिलेली राखण आपल्या हातून जायला नको, एवढंच त्याला वाटायचं.

आता त्या राज्याचा एक रिवाज सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं. कुठलं जनावर कुणाच्या राखणीत, हे तिथे कागदावर लिहीत नसत. धनी परगावाहून आला की राखणदाराने फाटकात उभं राहायचं आणि एकेका जनावराला हाक मारायची. जनावर हाकेला आलं तर राखण त्याचीच. नाही आलं, तर राखणदाराने हातातली काठी खाली ठेवायची आणि मुकाट्याने डोंगर उतरायचा.

झालं काय, की जनावरं कुरणात येऊन आठ दिवस होतात न होतात तोच राजाला दूरदेशी असलेल्या वडिलांचं बोलावणं आलं. राजा तसाच निघाला. सीमेवर पोचल्यावर त्याला आठवलं, की कारभाऱ्याला काही सांगायचं राहिलं. त्याने एक स्वार परत पाठवला.

स्वार घामाघूम होऊन कुरणाच्या फाटकाशी आला आणि घोड्यावरूनच म्हणाला, "महाराजांचा निरोप हाये. ध्यान देऊन ऐका. ही जनावरं मी तुझ्या हाती सोपवली. त्यांच्यावर माझ्यासारखी सत्ता चालव. आन् मी येईपर्यंत एकूणएक समद्यांना नावं ठेव." एवढं बोलून त्याने घोडा वळवला.

कारभाऱ्याची छाती फुगली. 'सत्ता' हा शब्द त्याने पक्का धरला. 'माझ्यासारखी' हा शब्द घोड्याच्या टापांत कुठे गेला कोण जाणे. आणि 'नावं ठेव' म्हटल्यावर तर त्याला आनंदाचं भरतंच आलं. नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा उभ्या राज्यात कुणी नव्हता, आणि राजाने ते बरोबर ओळखलं होतं!

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आवो, नावं ठेव म्हंजी, बारशात ठेवत्यात तसलं नाव तर नसंल?"

कारभारी खदाखदा हसला. "गाढवाचं बारसं? आन् घुगऱ्या कोण वाटणार, तू? अगं, ह्या चाळिसात कुठलं ठेवण्याजोगं हाय आन् कुठलं न्हाई, ते महाराजांना कळाया पायजे. म्हून खोडी काढाया सांगितल्यात. त्यासाठी पारखी डोळा लागतो."

"तुमाला ठावं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. पण तिचं मन काही मानलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कारभारी कामाला लागला. हिंडून हिंडून दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा एक जड ठोकळा बांधतात, त्याला लोढणं म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. कारभाऱ्याने बाभळीची चाळीस लोढणी करवली. मग एकेक जनावर समोर उभं करून, पुढून मागून बघून, त्याचं उणं शोधायचं, ते लोढण्यावर कोरायचं आणि गळ्यात अडकवायचं.

एक गाय दूध देत नव्हती. तिच्यावर 'भाकड' कोरलं. एका गाईने शिंग हलवलं, ती 'मारकी'. एक शेळी रोज सकाळी गडगा चढून जायची. ती 'ओढाळ', आणि तिचं लोढणं इतरांहून दीडपट जड. एक बैल कितीही ओरडलं तरी जागचा हलायचा नाही; तो 'मठ्ठ'. असं करत करत शेवटी एक म्हातारी गाढवी समोर आली. मागचा पाय लंगडा. पाठीवरचे केस ओझ्याने झिजून गेलेले. तिच्यावर ओझं काय लादणार आणि ती काय नेणार? कारभाऱ्याने पटाशी हातात घेतली. ओठांवर शब्द आला आणि क्षणभर त्याला चुलत्याचा आवाज आठवला. त्याने ते बाजूला सारलं आणि कोरलं, 'निकामी'.

वर्ष सरत गेलं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. कारभाऱ्याने एकाही जनावराला उपाशी ठेवलं नाही, एकालाही उगाच मारलं नाही. वैरण वेळेवर, पाणी वेळेवर, गोठा लखलखीत. पण दिवसातून वीस वेळा त्याचा आवाज कुरणात घुमायचा. "ए भाकड, सर तिकडं! ए ओढाळ, आलीस का परत गडग्यावर? ए मठ्ठ्या, कानात बोळं घातल्यात का?" लोढण्यांनी मानेवरचे केस गेले, मग कातडी गेली, मग तिथे घट्टे पडले. मारकी म्हटलेली गाय आधी कधी मारत नव्हती. पावसाळा संपेस्तोवर ती खरंच शिंग उगारू लागली.

म्हातारी गाढवी मात्र रोज सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची. कारभारी आत शिरताना म्हणायचा, "ए निकामी, हो बाजूला." ती कान टवकारायची, लंगडत बाजूला व्हायची आणि दिवसभर त्याच्या मागे मागे चालायची. ती असं का करते, हे त्याने कधी मनावर घेतलं नाही. या गोष्टीत जनावरं बोलत नाहीत. बोलली असती तर गोष्ट इथेच संपली असती.

सुगी झाली. दरवर्षी सुगी झाली की खालच्या गावातले पाद्रीबाबा पाण्याचा तांब्या आणि आंब्याची डहाळी घेऊन डोंगर चढायचे आणि जनावरांना आशीर्वाद द्यायचे. त्या वर्षी या कुरणातही आले. वय झालेलं, धाप लागलेली. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "चल, एकेकाचं नाव सांग. आशीर्वाद नाव घेऊन द्यायचा असतो."

कारभाऱ्याने मोठ्या रुबाबात सुरुवात केली. "ही भाकड. ही मारकी. ही ओढाळ, हिच्यापासनं जपून ऱ्हावा."

पाद्रीबाबांची डहाळी हवेतच राहिली. ते वाकून लोढण्यावरची अक्षरं वाचू लागले. एक वाचलं, दुसरं वाचलं, पाचवं वाचलं.

"हे काय रे बाबा?"

"महाराजांचा हुकूम हाय. समद्यांना नावं ठेव, आसं म्हणले. एक बी सोडलं न्हाई बघा."

पाद्रीबाबा आधी हसले. हसता हसता खाली दगडावर बसले. मग त्यांनी त्या गाईच्या मानेवरचा घट्टा पाहिला आणि त्यांचं हसू गेलं.

"बस इथे," ते म्हणाले. "मला एक सांग. बारशाला बाळ कुणाच्या मांडीवर देतात?"

"आत्याच्या."

"नाव कोण ठेवतं?"

"आत्याच की."

"मग नाव ठेवलं म्हणून बाळ आत्याचं होतं का?"

"ते कसं हुईल? बाळ आईबापाचंच."

"बाळ आईबापाचंच. पण त्या दिवसापासून आत्या त्याची जन्माची बांधली जाते. रात्री-अपरात्री त्याला ताप आला तर तिला धावावं लागतं." पाद्रीबाबांनी तांब्या खाली ठेवला. "देवाने जग केलं तेव्हा एकेक जनावर केलं, आणि त्यांच्याकडे बघून म्हणाला, चांगलं झालं. माणूस तेव्हा व्हायचा होता. म्हणजे ही सगळी आपल्या आधीच चांगली ठरलेली आहेत बरं का, आपल्याला कुणी विचारलेलंही नाही. मग त्याने आपल्या रूपाचा माणूस घडवला आणि ही जनावरं त्याच्या हाती दिली. सत्ता दिली, हे खरंच आहे. आणि काम काय दिलं? एकेक लेकरू जणू त्याच्या मांडीवर ठेवलं आणि बघत राहिला, हा काय नाव ठेवतो."

 कारभारी हळूच म्हणाला, "पर बाबा, महाराज सत्ता चालव म्हणले. सत्ता म्हंजी जरब नगं?"

"सत्ता चालव, एवढंच म्हणाले?"

कारभाऱ्याने आठवायचा प्रयत्न केला. घामाघूम स्वार, घोड्याच्या टापा. वर्षभर कुठेतरी पडून राहिलेला तो शब्द त्याला सापडला.

"माझ्यासारखी," तो म्हणाला. "माझ्यासारखी सत्ता चालव, आसं म्हणले हुते."

"तुझा राजा ती मेंढी कशी घेऊन आला होता?"

कारभाऱ्याचा हात नकळत आपल्याच खांद्यावर गेला.  पाद्रीबाबांनी प्रत्येक जनावरावर पाणी शिंपडलं, आणि नाव ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाला 'देवाच्या लेकरा' म्हणाले. उतरताना त्यांनी आणखी एक बातमी दिली. राजा नदी ओलांडून अलीकडे आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुरणाच्या फाटकात उभा राहणार होता.

आता मात्र कारभाऱ्याचं धाबं दणाणलं. त्याने बायकोला हाक मारली. दोघांनी मिळून भराभर चाळीस लोढणी उतरवली आणि वैरणीच्या गंजीमागे ढीग लावला. मग तो एकेका जनावरासमोर जाऊन सुचेल ते गोड नाव घेऊ लागला. "तू चांदणी. तू पाकळी. तू मोहर. तू सरदार. आन् तू," म्हाताऱ्या गाढवीसमोर येऊन तो म्हणाला, "तू राणी. ध्यानात ठेव. राणी."

गाढवीने त्याच्याकडे बघितलं आणि कान खाली टाकले.

बायको दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "कारभारी, बारसं एका दिसात हुतं. नाव रुजाया वर्स लागतं."

"गप ऱ्हा," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. सकाळी उठून त्याने पुन्हा सगळी नावं घोकली.

दुपारी राजा आला. प्रवासाने करपलेला, पायांवर धूळ. कारभाऱ्याला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि ते पाहून कारभाऱ्याला जास्तच मेल्यासारखं झालं. जनावरं झऱ्याकाठी घोळक्याने उभी होती. राजा फाटकाच्या बाहेर थांबला. रिवाजच होता तसा.

कारभाऱ्याने घसा खाकरला.

"चांदणी!"

एकही मान वळली नाही.

"पाकळी! मोहर! सरदार!"

एक गाय चरत होती, ती चरत राहिली. शेळीने खाकरण्यासारखा आवाज काढला आणि खाली बसली.

"राणी," तो म्हणाला. "राणी, ये ना गं. राणी!" त्याचा आवाज चिरकला. म्हातारी गाढवी त्याच्याकडेच बघत होती, पण जागची हलली नाही. तिला वाटलं असेल, हा दुसऱ्याच कुणाला बोलावतोय.

 राजा आत आला आणि जवळच्या गाईच्या मानेवरून हात फिरवला. हात घट्ट्यावर थांबला. तो दुसऱ्या गाईकडे गेला, मग शेळीकडे, मग मेंढीकडे. प्रत्येकीच्या मानेवर त्याच जागी तीच खूण होती. मग त्याला गंजीमागचा ढीग दिसला.

"तू यांना वर्षभर काय हाक मारत होतास?" राजाने विचारलं.

"महाराज, ते माझ्या तोंडून आता निघायचं न्हाई."

"वर्षभर निघालं. आज एकदा निघू दे. तीच हाक मार."

कारभाऱ्याने मान खाली घातली. ओठ हलले. शब्द इतका हळू आला, की फाटकाबाहेर कुणी असतं तर त्याला तो ऐकूही गेला नसता.

"निकामी," तो म्हणाला.

म्हाताऱ्या गाढवीचे कान ताठ झाले. ती घोळक्यातून बाहेर पडली आणि लंगडत, धडपडत, जमेल तितकी पळत आली. येऊन तिने आपलं तोंड त्याच्या छातीत खुपसलं. तिला तो शब्द म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हतं. वर्षभर एक माणूस रोज सकाळी तिच्याकडे बघून तो म्हणत होता. तिला वाटलं होतं, आपलं नाव ठेवलंय.

कारभारी मटकन खाली बसला आणि तिच्या गळ्याला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. तो शब्द कसा लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तोच त्याने हिच्या गळ्यात बांधला होता, आणि हिने तो नाव म्हणून जपला होता.

"थांबू नकोस," राजा म्हणाला. "बाकीची वाट बघतायत."

मग रडत रडत त्याने एकेक हाक मारली. भाकड आली. मारकी आली. ओढाळ उड्या मारत आली. बुजरी, लाथाळ, खादाड, सगळी सगळी आली. एकोणचाळीस आली. एक बैल तेवढा झऱ्याकाठी उभा होता.

"मठ्ठ्या," कारभाऱ्याने हाक मारली. पुन्हा मारली. बैल तसाच उभा.

राजा चालत बैलाच्या मागे गेला आणि जोरात टाळी वाजवली. बैलाने शेपूटसुद्धा हलवलं नाही. "याला ऐकू येत नाही," राजा म्हणाला. "वर्षभरात तुझ्या लक्षात आलं नाही?"

सगळ्या जगाचं उणं शोधणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट दिसली नव्हती. तो उठला, बैलापाशी गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बैलाने मान वळवून त्याला हुंगलं आणि त्याच्या बरोबरीने चालत फाटकापर्यंत आला.

कारभाऱ्याने काठी राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, दुसरा कोण तरी बघा. माझा चुलता म्हणायचा ते खरं हाय. मी निकामी माणूस."

"बन्यामीन," राजा म्हणाला.

मुलांनो, हे त्याचं नाव होतं. इतका वेळ मीही त्याला नुसता कारभारी म्हणत आलो, हे माझंही चुकलंच.

"बन्यामीन," राजा म्हणाला, "चुलत्याने तुला नाव ठेवलं नव्हतं, नावं ठेवली होती. तू ती खरी मानलीस. आता काठी उचल."

"पर महाराज..."

"ती आली ना तुझ्या हाकेला? चाळीसच्या चाळीस? मग राखण तुझीच. रिवाज रिवाज आहे. ज्यांना दुखवलंस त्यांना सोडून डोंगर उतरायची मुभा मी तुला देणार नाही."

मग राजा गंजीमागे गेला. ढिगातून त्याने म्हाताऱ्या गाढवीचं लोढणं शोधून काढलं, हातात तोललं आणि आपल्या गळ्यात अडकवलं. बन्यामीन धावला, पाया पडला, काढा म्हणाला. राजा म्हणाला, "तिने वर्षभर वागवलं. मला एक दिवस वागवू दे." आणि संध्याकाळपर्यंत तो तसाच कुरणात हिंडला, जनावरांच्या मानांना तेल लावत. पुढे कित्येक वर्षं राजाच्या मानेवर त्या दिवसाची एक बारीक खूण होती, असं म्हणतात.

बन्यामीनने पुन्हा नावं ठेवायला सुरुवात केली. या वेळी घाई केली नाही. एकेका जनावरापाशी तो दिवसच्या दिवस बसून राहायचा. तेव्हा त्याला दिसलं, की ओढाळ शेळी रोज गडगा चढायची ती जिथे पहिलं ऊन पडतं त्या दगडावर बसायला. तिचं नाव त्याने 'उगवती' ठेवलं. भाकड गाय भर उन्हात मुद्दाम अशी उभी राहायची, की बिनआईची वासरं तिच्या आडोशाला निजावीत. ती 'सावली' झाली. बहिऱ्या बैलाचं नाव त्याने 'हात' ठेवलं, कारण त्याला बोलवायचं ते हात ठेवूनच. बायकोने चाळीस वेळा घुगऱ्या शिजवल्या आणि एकदाही कुरकुर केली नाही. नवी नावं रुजायला वर्ष लागलं. काहींना दोन लागली.

म्हाताऱ्या गाढवीला मात्र नवं नाव कधीच लागलं नाही. बन्यामीनने तिला राणी म्हणून पाहिलं, माय म्हणून पाहिलं, सोनं म्हणून पाहिलं. ती ऐकायची आणि कान पाडून उभी राहायची. निकामी म्हटलं की धावत यायची. तेव्हा त्याने हात टेकले. शब्द बदलत नाही, तर तो म्हणायची तऱ्हा बदलू, असं त्याने ठरवलं. पुढे ती पाच वर्षं जगली, आणि रोज सकाळी फाटक उघडताना तो तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचा, "निकामी, माझी निकामी गं." म्हणताना रोज त्याला तो शब्द कोरणारी पटाशी आठवायची. ती शिक्षा त्याला कुणी दिली नव्हती, आणि तिच्यातून त्याला कुणी सोडवूही शकलं नाही. शेवटच्या दिवशी तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याने तीच हाक मारली. तिचे कान एकदा ताठ झाले, आणि मग कायमचे खाली पडले.

त्या डोंगराखालच्या गावात अजूनही आया तान्ह्या लेकीला थोपटताना म्हणतात, "झोप गं, माझी निकामी." परगावच्या पाहुण्यांना ते ऐकून वाईट वाटतं. तिथल्या माणसांना त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो, हेच आता ठाऊक नाही.

तात्पर्य एवढंच: धन्याने राखायला दिलेल्या जिवाला नावं ठेवू नयेत, मायेने त्याचं नाव ठेवावं, आणि त्या नावाला जन्मभर जागावं.